हरलेल्या व्हेरियंट्सचीही नोंद ठेवा: प्रथिनांची घडण आणि संख्याशास्त्र

रानजाई

नमस्कार मंडळी,

एटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी इथल्या बऱ्याच जणांच्या घरी येत असेल. तिच्या रेणूला जी बाजूची साखळी असते, तिचा कच्चा माल एन्झाइम वापरून करता येतो. त्यातलं एक एन्झाइम, हॅलोहायड्रिन डिहॅलोजनेज, मुळात एका जिवाणूचं. कारखान्याच्या टाकीत त्याचा वेग काही पुरेना. कॅलिफोर्नियातल्या कोडेक्सिस कंपनीने त्यात किमान ३५ म्युटेशन्स, म्हणजे अमिनो आम्लांचे बदल, केली आणि प्रक्रियेची उत्पादकता सुमारे ४००० पटींनी वाढवली. २००७ मध्ये हे काम 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त छापून आलं. मला बोलायचंय ते त्यामागच्या हिशोबाबद्दल. एम.एस्सी.चा कुठलाही विद्यार्थी तो लॅपटॉपवर करू शकतो, आणि तरीही मी पाहिलेल्या कित्येक प्रयोगशाळांत तो केला जात नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी पसारा केवढा आहे ते बघा. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, अमिनो आम्लांची साखळी. ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन घेतलं, तर एकच अमिनो आम्ल बदलून होणारे व्हेरियंट्स (बदललेले अवतार) १९ गुणिले ३००, म्हणजे ५,७००. हे एक वेळ जमेल. दोन एकदम बदलली तर सुमारे १ कोटी ६२ लाख. तीन बदलली तर तीन हजार कोटींच्या वर. सगळे करून बघू म्हटलं तर दुसऱ्याच पायरीवर दम लागतो.

फ्रान्सेस अरनॉल्ड यांनी नव्वदच्या दशकात यातून वाट काढली. जीनमध्ये सरसकट चुका होतील अशा तऱ्हेने त्याच्या प्रती काढायच्या, हजारो वसाहती वाढवायच्या, प्रत्येकीचं एन्झाइम तपासायचं, सर्वात चांगलं उचलायचं आणि त्यालाच पुढच्या फेरीचं मूळ धरायचं. १९९३ मध्ये त्यांनी सबटिलिसिन ई हे एन्झाइम ६० टक्के डायमिथाइलफॉर्मामाइड या सेंद्रिय द्रावकात मूळच्यापेक्षा २५६ पट जास्त चालेल असं करून दाखवलं. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना याच डिरेक्टेड इव्होल्युशनसाठी मिळाला.

पद्धत भक्कम आहे, वाद नाही. पण तिच्यात एक गळती आहे. प्रत्येक फेरीत एक विजेता उरतो आणि बाकीचे सगळे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे नष्ट व्हायला, जातात. त्या काळी सिक्वेन्सिंग, म्हणजे जीनचा क्रम वाचणं, महाग होतं, त्यामुळे विजेत्याचंच सिक्वेन्सिंग करणं समजण्यासारखं होतं. आज ते कारण उरलेलं नाही.

एक छोटं गणित मांडते. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. मूळ एन्झाइमची क्रिया १०० धरा. आपल्याकडे तीन व्हेरियंट्स आहेत:

पहिल्यात क आणि ख ही म्युटेशन्स, क्रिया ९०.
दुसऱ्यात ख आणि ग, क्रिया ७२.
तिसऱ्यात फक्त ग, क्रिया १२०.

जुन्या पद्धतीने तिसरा जिंकला, पहिले दोन कचऱ्यात. आता जरा थांबून बघा. ग मुळे क्रिया १.२ पट होते, हे तिसऱ्यावरून कळलं. मग दुसऱ्यातला ख हा ०.६ पट करणारा, कारण १.२ गुणिले ०.६ म्हणजे ०.७२. आणि ख जर ०.६ असेल, तर पहिला ९० वर यायला क हा १.५ पट वाढवणारा असायलाच हवा. म्हणजे तिघांतलं सर्वात चांगलं म्युटेशन क, आणि ते होतं मूळ एन्झाइमपेक्षाही वाईट ठरलेल्या व्हेरियंटमध्ये! हरलेल्या संघात शतक ठोकलेला फलंदाज निवड समितीने बघितलाच नाही, तसं हे झालं. क आणि ग एकत्र करा, अपेक्षित क्रिया १८०.

कोडेक्सिसच्या 'प्रोसार' पद्धतीचा गाभा एवढाच आहे. दर फेरीत अनेक म्युटेशन्स वेगवेगळ्या जुळण्यांत मिसळायची, व्हेरियंट्सची क्रिया मोजायची, चांगल्या-वाईट दोन्हींचं सिक्वेन्सिंग करायचं आणि आकडे रिग्रेशनला, म्हणजे एकूण क्रियेतून प्रत्येक म्युटेशनचा वाटा काढणाऱ्या गणिताला, द्यायचे. प्रत्येक म्युटेशनला एक गुणांक मिळतो. ठळकपणे चांगली असतील ती पक्की करायची, ठळकपणे वाईट ती काढून टाकायची, आणि ज्यांच्याबद्दल सांगता येत नाही ती पुढच्या फेरीत नव्या जुळणीत पुन्हा तपासायची. म्युटेशन्स खूप आणि मोजमापं थोडी असली की साधं रिग्रेशन कोसळतं, म्हणून त्यांनी पार्शल लीस्ट स्क्वेअर्स ही अशा वेळी टिकणारी पद्धत वापरली. औषधांच्या रेणूंसाठी अशी बेरजेची पद्धत १९६४ पासून होती, फ्री-विल्सन नावाची. तीच प्रथिनांवर आणली.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे मशीन लर्निंगची चर्चा थेट मोठमोठ्या मॉडेल्सपासून सुरू होते. त्याच्या आधी हरलेल्या व्हेरियंट्सची वही ठेवायला सुरुवात झाली पाहिजे. तुमचे अनुभव लिहा.

भटक्या_विदर्भ

फार छान समजावलंय. मी या क्षेत्रातला नाही, पण क-ख-गचं गणित कागदावर करून बघितलं आणि पटलं. मधुमेहाच्या गोळ्यांतही असं एन्झाइम वापरतात असं कुठेतरी वाचलं होतं. ते हेच का?

रानजाई

भटक्याजी, ते वेगळं एन्झाइम, पण कंपनी तीच. सिटाग्लिप्टिन. आधी त्यातला महत्त्वाचा टप्पा ऱ्होडियम या महागड्या धातूच्या उत्प्रेरकाने, जास्त दाबाखाली हायड्रोजन वापरून करत. मर्क आणि कोडेक्सिसने त्या जागी ट्रान्सअमिनेज आणलं. २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये ते काम आलं. गंमत अशी की सुरुवातीच्या एन्झाइमला सिटाग्लिप्टिनच्या कीटोनवर, म्हणजे ज्यापासून ते बनतं त्या रेणूवर, काही करताच येत नव्हतं, तो रेणू त्याच्या खाचेत मावतच नव्हता. म्हणून आधी त्या रेणूचा तोकडा अवतार देऊन पाहिला, संगणकावर खाचेचं मॉडेल बघून जागा मोकळी केली, आणि मग फेऱ्या सुरू केल्या. शेवटच्या एन्झाइममध्ये २७ म्युटेशन्स होती. लिटरला २०० ग्रॅम कच्चा माल, अर्धं द्रावण डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक, तरीही डाव्या-उजव्या प्रतिरूपांपैकी हव्या त्या बाजूचा रेणू ९९.९५ टक्क्यांहून शुद्ध. भारतात या औषधाचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि गोळी बरीच स्वस्त झाली.

मुळा_मुठा

मी औद्योगिक एन्झाइम्समध्ये काम करतो, त्यामुळे धागा बघून बरं वाटलं. पण रानजाई, तुमच्या गणितात प्रत्येक म्युटेशनचा परिणाम दुसऱ्यापासून स्वतंत्र धरलाय. प्रत्यक्षात म्युटेशन्स एकमेकांच्या पायात पाय घालतात. बीटा-लॅक्टमेज या प्रतिजैविकं मोडणाऱ्या जिवाणूच्या एन्झाइमचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. पाच म्युटेशन्स मिळून सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाला होणारा प्रतिकार सुमारे एक लाख पटींनी वाढतो. पाच म्युटेशन्स एकेक करून आणायचे क्रम १२०. २००६ मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवलं की त्यातल्या १०२ वाटा बंद आहेत. कुठे ना कुठे एक पाऊल असं येतं की प्रतिकार वाढत नाही. तेच म्युटेशन एका पार्श्वभूमीवर चांगलं, दुसऱ्या पार्श्वभूमीवर निरुपयोगी. मग तुमच्या एकेका गुणांकाला अर्थ काय राहिला?

रानजाई

मुळा_मुठा, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. याचं उत्तर दोन भागांत देते.

तुमच्याच उदाहरणातलं एक म्युटेशन घ्या, १८२ व्या जागी मेथायोनिनऐवजी थ्रिओनिन. हे प्रथिनाची घडी मजबूत करतं. २३८ व्या जागचं म्युटेशन क्रिया वाढवतं पण घडी खिळखिळी करतं. दोन्ही एकत्र आली की पहिलं दुसऱ्याला सांभाळून घेतं. म्युटेशन्समधली बरीच भांडणं अशी स्थिरतेच्या वाटेने येतात, त्या दोन अमिनो आम्लांचा एकमेकांना स्पर्शही नसतो. म्हणून क्रिया मोजताना वितळण्याचं तापमानही, म्हणजे घडी उलगडते ते तापमान, मोजावं. पुष्कळदा स्थिरतेची बेरीज सरळ लागते आणि क्रियेची लागत नाही.

दुसरं, प्रोसार एकाच रिग्रेशनवर विसंबून शेवटपर्यंत जात नाही. दर फेरीत मूळ बदललं की गुणांक पुन्हा काढले जातात. 'सांगता येत नाही' या गटातलं म्युटेशन नव्या पार्श्वभूमीवर चांगलं ठरू शकतं, आणि म्हणूनच तो गट फेकायचा नसतो.

पण एकमेकांना चिकटलेल्या जागा असतील, एन्झाइमच्या खाचेतल्या चार शेजारी जागा समजा, तर बेरजेचं मॉडेल अपुरं पडतं, हे मान्य. जीबी१ या प्रथिनाच्या ३९, ४०, ४१ आणि ५४ या चार जागांवर २० चा चौथा घात, म्हणजे १,६०,००० जुळण्या होतात. २०१६ मध्ये त्यातल्या १,४९,३६१ प्रत्यक्ष मोजल्या गेल्या. तिथे दोन म्युटेशन्स सुटी सुटी वाईट आणि एकत्र चांगली, अशी कोंडी जागोजागी सापडते. तिसरं म्युटेशन मध्ये आणून नंतर काढून टाकायचं, अशा वळशाने काही कोंड्या सुटतात. आज नवी पद्धत काढणारे बहुतेक जण तिची परीक्षा याच आकड्यांवर घेतात.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. जीवशास्त्र मला बेताचंच कळतं, पण मोजमापाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

समजा १००० वेल्समध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत) सगळीकडे मूळ एन्झाइमच भरलं आहे, एकही म्युटेशन नाही. मोजमापातला फरक १० टक्के प्रमाण विचलनाचा. तरी त्यातली सर्वोत्तम वेल साधारण १३२ दाखवेल. हजारांतला सर्वात मोठा आकडा सरासरीच्या सुमारे सव्वातीन प्रमाण विचलनं वर जातो, हे निव्वळ योगायोगाचं काम. म्हणजे '३२ टक्के सुधारलेला विजेता' हा विजेता असेलच असं नाही. पुन्हा मोजला की तो १०० वर येऊन बसतो आणि विद्यार्थी बिचारा आपला हात बिघडला समजतो.

रिग्रेशनचा खरा फायदा मला इथे दिसतो. एक म्युटेशन १६ व्हेरियंट्समध्ये असेल, तर त्याचा गुणांक १६ मोजमापांवर उभा असतो, एका वेलच्या नशिबावर नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या काळापासून शेतीच्या प्रयोगांत हेच करत आले आहेत. कमी प्रयोगांत जास्तीत जास्त माहिती मिळावी म्हणून कोणत्या जुळण्या निवडायच्या, याचं गणित आपल्या सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात ऑर्थोगोनल अॅरेंच्या रूपाने मांडलं. ते पुढे जगभरच्या कारखान्यांत पोचलं. प्रथिनांवर काम करणाऱ्या मुलांनी ते जरूर शिकावं.

आणखी एक. रानजाईंनी पटीत हिशोब केला आहे, म्हणून रिग्रेशन करण्याआधी क्रियेचा लॉग घ्या. मग गुणाकाराची बेरीज होते.

मुळा_मुठा

काका, +१. हजार वेल्सचं उदाहरण आमच्या गटात चिकटवून ठेवणार आहे.

त्यात एक भर. ९६ वेल्सच्या प्लेटमध्ये कडेच्या वेल्स ३६ असतात. रात्रभर शेकरवर ठेवली की त्यांतलं पाणी उडतं, द्रावण घट्ट होतं आणि क्रिया फुगलेली दिसते. मागे एका ठिकाणच्या स्क्रीनिंगचे आकडे माझ्याकडे आले होते. वरच्या क्रमांकाचे जवळजवळ सगळे व्हेरियंट्स पहिल्या आणि बाराव्या उभ्या ओळीतले! असे आकडे कुठल्याही मॉडेलला द्या, ते वेलची जागा शिकेल.

उत्तरायण

बोस्टनहून लिहितेय. इथे चर्चा प्रोटीन लँग्वेज मॉडेल्सची आहे, म्हणून तो धागा जोडते.

निसर्गातल्या कोट्यवधी प्रथिनांच्या सिक्वेन्सवर ही मॉडेल्स शिकलेली असतात. एखाद्या जागी कोणतं अमिनो आम्ल 'शोभेल' हे ती सांगतात, तुमचा एकही प्रयोग न बघता. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सात अँटिबॉडीजवर हे करून पाहिलं. दोन फेऱ्यांत प्रत्येकीचे वीस किंवा त्याहून कमी व्हेरियंट्स तपासले. आधीच चांगल्या मुरलेल्या चार अँटिबॉडीजची पकड सात पटींपर्यंत वाढली, न मुरलेल्या तिघींची १६० पटींपर्यंत. मॉडेलला अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला पकडते तो रेणू, कोणता आहे हेही सांगितलेलं नव्हतं. हे वाचून मी थक्क झाले होते.

मर्यादाही आहेत. सिटाग्लिप्टिनचा कीटोन निसर्गात कधी नव्हताच, त्याला कुठला एन्झाइम पचवेल हे निसर्गाच्या सिक्वेन्समध्ये लिहिलेलं नसतं. तिथे ही मॉडेल्स एवढंच सांगू शकतात की या म्युटेशनने प्रथिन मोडेल की टिकेल. पण तेही कमी नाही. जीबी१ च्या दीड लाख जुळण्यांतल्या बहुसंख्य जवळजवळ निकामी आहेत. डोळे मिटून शंभर उचलल्या तर शिकायला बरेचसे शून्यच हाती लागतात. आधी मॉडेलने चाळून घेतलं तर तुमच्या शंभर वेल्स सत्कारणी लागतात.

सिक्वेन्सवरून प्रथिनाचा आकार सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रामबद्दलही गैरसमज दिसतो. आकार सांगण्यात त्याला तोड नाही, पण एक अमिनो आम्ल बदलल्याने स्थिरता किती घटली हे त्याच्या चित्रावरून कळत नाही. चित्र बहुतेकदा तसंच येतं.

माझी स्वतःची आवडती पद्धत गाउशियन प्रोसेस, हीही एक संख्याशास्त्रीय पद्धत. ती अंदाज सांगते आणि त्या अंदाजाबद्दल खात्री किती तेही सांगते. पुढची प्लेट भरताना काही वेल्स जिथे चांगलं निघेल असं वाटतं तिथे, काही जिथे आपल्याला काहीच माहिती नाही तिथे, अशी वाटणी करता येते. २०१३ मध्ये अरनॉल्ड यांच्याच प्रयोगशाळेतून सायटोक्रोम पी४५० या एन्झाइमांवर हे काम आलं. तोवर सगळ्या पद्धतींनी मिळून जेवढी उष्णता सोसणारे पी४५० झाले होते, त्यापेक्षा जास्त सोसणारे त्यातून मिळाले. आयुष्यभर फेऱ्यांची पद्धत उभी केलेल्या बाईंनीच संख्याशास्त्राला दार उघडून दिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

चिंगी९८

रानजाईताई, आकडेमोड काका, मी कोल्हापूरला एम.एस्सी. करतेय. प्रकल्पात एक लायपेज (तेल-चरबी तोडणारं एन्झाइम) आहे, ते उष्णतेत टिकावं आणि खाद्यतेलाच्या सांडपाण्यात चालावं असं करायचंय. विभागात एक प्लेट रीडर आहे, जीपीयू वगैरे काही नाही. लायपेजने पी-नायट्रोफेनिल ब्युटिरेट तोडलं की येणारा पिवळा रंग त्यावर मोजतो. एवढ्यावर मॉडेल करता येईल का? की हे मोठ्या कंपन्यांचंच काम?

रानजाई

चिंगी, नक्की करता येईल. लायपेजच्या नात्यातल्या प्रथिनांचे सिक्वेन्स एकाखाली एक लाव. ज्या जागी बाकी सगळ्यांकडे एक अमिनो आम्ल आणि तुझ्याकडे दुसरंच आहे, तिथे बहुमताचं अमिनो आम्ल आणणं हा स्थिरतेसाठी जुना आणि भरवशाचा उपाय आहे. अशी दहा म्युटेशन्स निवड. क्रिया करणाऱ्या सेरीन, हिस्टिडीन आणि अॅस्पार्टेटच्या अगदी जवळची टाळ. मग ४० व्हेरियंट्स कर, प्रत्येकात चार म्युटेशन्स. म्हणजे प्रत्येक म्युटेशन सरासरी १६ वेळा येईल. चाळीसही व्हेरियंट्सचं सिक्वेन्सिंग कर. ६० अंशांना ठेवल्यावर किती क्रिया उरली ते मोज, लॉग घे आणि रिज रिग्रेशन (थोड्या मोजमापांतही न कोसळणारं रिग्रेशन) चालव. लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

आठ व्हेरियंट्स मॉडेलला दाखवू नकोस. त्यांचा अंदाज आधी वहीत लिही आणि मग मोजलेल्या आकड्याशी ताडून बघ.

आकडेमोड

चिंगीताई, प्रत्येक म्युटेशन निम्म्या व्हेरियंट्समध्ये असेल तर गुणांक सर्वात पक्का येतो. पण मग एकेका व्हेरियंटमध्ये सरासरी पाच म्युटेशन्स होतील. प्रथिनाला तेवढी सोसतील का ते रानजाई सांगतील. चार ही मला चांगली तडजोड वाटते. फक्त कुठल्याही दोन म्युटेशन्सची जोडी कायम एकत्रच येऊ देऊ नका, नाहीतर श्रेय कुणाचं ते कधीच कळणार नाही.

रानजाई

काका, बहुमताची म्युटेशन्स बहुधा सौम्य असतात, पाचही सोसतील. सरसकट चुकांतून आलेली असती तर मी दोन-तीनच्या वर गेले नसते.

मुळा_मुठा

चिंगी, दोन गोष्टी सांभाळ. ब्युटिरेट हा छोटा आणि पाण्यात बऱ्यापैकी विरघळणारा रेणू आहे, सांडपाण्यातलं तेल तसं नाही. ब्युटिरेटवर निवडलेलं एन्झाइम ब्युटिरेटसाठीच चांगलं निघेल. पहिल्या फेरीनंतर वरचे पाच-सहा व्हेरियंट्स खऱ्या तेलावर, पीएच-स्टॅटने किंवा साध्या टायट्रेशनने, म्हणजे सुटलेलं आम्ल मोजून, तपास. दोन्हीकडचा क्रम जुळत नसेल तर पुढची फेरी पिवळ्या रंगावर करू नकोस. दुसरं, पेशी फोडून थेट मोजशील तर आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एन्झाइम किती चांगलं आणि पेशीने ते किती बनवलं. तापवण्याआधीची आणि नंतरची क्रिया एकाच लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या द्रावणावर) मोजून गुणोत्तर घेतलंस तर 'किती बनवलं' हा भाग कटतो.

प्लेटची मांडणी अशी कर. कडेच्या ३६ वेल्समध्ये नुसतं माध्यम. आतल्या ६० पैकी ४० मध्ये व्हेरियंट्स, १२ मध्ये मूळ लायपेज, ८ मध्ये रिकामा व्हेक्टर, म्हणजे लायपेजचा जीन नसलेल्या पेशी. अशा दोन प्लेट्स, दोन्हींत जागा चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या.

चिंगी९८

सगळ्यांचे मनापासून आभार! मूळ लायपेजच्या १२ वेल्स जास्त वाटतात असं आमच्याकडे कुणीतरी नक्की म्हणेल. त्यांना काय सांगू?

आकडेमोड

सांगा, की त्या १२ वेल्स एकमेकींपासून किती फरक दाखवतात त्यावरूनच तुमच्या प्लेटचं प्रमाण विचलन कळणार आहे, आणि ते कळल्याशिवाय चाळीसपैकी कुठल्याही व्हेरियंटला 'सुधारलेला' म्हणता येत नाही. पहिली प्लेट फक्त मूळ लायपेजने भरून मोजलीत तर आणखी उत्तम. ते आकडे इथे टाका, हिशोब मी करून देतो.